‘फिटनेस बँड म्हणजे शुद्ध फसवणूक’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

फिटनेस बँड विकत घेऊ नका, असे बजावणारा एक लांबलचक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: या पट्ट्यांचे आकडे खोटे असतात, त्यांनी वजन घटत नाही, उलट वाढते, आणि हे अमेरिकेतील संशोधनाने सिद्ध झाले आहे, दहा हजार पावलांचे लक्ष्य ही मुळात जाहिरात आहे, जे काम पट्टा करतो ते हातातला फोन फुकट करतो, झोपेचे आकडे निव्वळ अंदाज असतात, आणि काही झाले तरी सहा महिन्यांत पट्टा खणात जाऊन पडतो. यातील काही विधाने खरी आहेत आणि म्हणूनच संदेश पटकन पटतो. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. पुढील विवेचन पावले, नाडी आणि झोप यांपलीकडे फारसे काही न मोजणाऱ्या साध्या पट्ट्यापुरतेच आहे.

पहिला आक्षेप अचूकतेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पट्टा पावले ‘पाहत’ नाही. त्याच्या आत हालचालीतील वेगबदल टिपणारा, ॲक्सेलरोमीटर नावाचा चिमुकला सेन्सर असतो, आणि मनगटाच्या हेलकाव्यांची लय चालण्यासारखी वाटली की आकडा पुढे सरकतो. त्यामुळे टाळ्या वाजवताना किंवा पिठात डाव फिरवताना न टाकलेली पावले जमा होऊ शकतात, तर बाळाची ढकलगाडी धरून तासभर चालले तरी हात स्थिर असल्याने बरीच पावले निसटतात. अगदी सावकाश चालणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही तूट आणखी वाढते. नाडीचे गणित वेगळे आहे. पट्ट्याखालचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, रक्त तो प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्यागणिक परत येणाऱ्या प्रकाशात जो चढउतार होतो त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला, हात गार पडला असला किंवा त्या जागी गडद गोंदण असले की हे मोजमाप बिघडते.

तरीही ‘सगळे आकडे खोटे’ हे विधान चुकीचे आहे, कारण सगळे आकडे सारख्याच प्रमाणात चुकत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर मनगटी उपकरणांचे सात प्रकार तपासले. सातपैकी सहांची नाडी मोजण्यातील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत बरे उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणजे कॅलरींच्या आकड्यावर विसंबून जेवणात एखादा पदार्थ वाढवून घेणे हा शुद्ध भाबडेपणा आहे, एवढ्यापुरता संदेश बरोबर आहे. माझ्या मते तो आकडा साध्या पट्ट्यावर दाखवूच नये.

पावलांचा प्रश्न मात्र निराळा आहे. एखादे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे असेल तर घरातल्या माणसांची गाडी त्यामुळे चुकत नाही, कारण ती वजाबाकी सर्वांच्या अंगवळणी पडलेली असते. कधी दहा मिनिटे पुढे तर कधी वीस मिनिटे मागे असणारे घड्याळ मात्र भिंतीवरून काढावेच लागते. एकच माणूस तोच पट्टा त्याच मनगटावर रोज बांधतो आणि त्याची दिनचर्या साधारण सारखीच असते, तेव्हा पावलांमधील चूक बहुतांशी पहिल्या घड्याळासारखी वागते. आज आपण नेमकी ६,२१४ पावले चाललो की ५,९००, हे कळण्याने कोणाचेच काही अडत नाही. मागील महिन्यात रोजची सरासरी ३,५०० च्या आसपास होती आणि या महिन्यात ती ६,००० कडे गेली, हे कळणे उपयोगाचे आहे आणि तेवढे काम साधा पट्टा नीट करतो. शेजाऱ्याच्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून पाहण्यात मात्र अर्थ नाही, कारण दोघांची घड्याळे वेगवेगळी पुढे आहेत.

वजन वाढण्याच्या दाव्यामागे जे संशोधन आहे ते खरे आहे, पण संदेशात ते उलटे सांगितले आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४७१ तरुण सहभागी होते. सर्वांना आरंभी आहार, व्यायाम आणि गटातील समुपदेशन यांचा समान कार्यक्रम दिला गेला. सहा महिन्यांनंतर एका गटाला दंडावर बांधण्याचे उपकरण मिळाले, तर दुसऱ्या गटाने आपल्या व्यायामाची नोंद स्वतःच संकेतस्थळावर केली. दोन वर्षांअखेर उपकरण असलेल्यांचे वजन सरासरी ३.५ किलोंनी आणि नसलेल्यांचे ५.९ किलोंनी घटले होते. सरासरी वजन कोणत्याच गटाचे वाढले नाही. शिवाय ही तुलना ‘पट्टा विरुद्ध काहीच नाही’ अशी नव्हती. दोन्ही बाजूंना समुपदेशकांचे भक्कम पाठबळ होते, आणि एवढी मदत मिळत असताना यंत्राने त्यात भर घातली नाही, असा तिचा अर्थ आहे. आपल्यापैकी बहुतेकांजवळ समुपदेशक नसतो. हाताने नोंद करण्यात जे लक्ष गुंतते ते यंत्राने आपोआप केलेल्या नोंदीत गुंतत नसावे, अशी एक शंका मला येते, पण ती शंकाच आहे.

विविध अभ्यासांच्या आढाव्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या नियतकालिकात आला. त्यानुसार अशा उपकरणांमुळे माणसे दिवसाला सुमारे १,८०० पावले अधिक चालतात आणि वजन सरासरी १ किलोने घटते. चालण्यातला फरक लक्षणीय आहे, वजनातला किरकोळ. तेव्हा केवळ वजन उतरवण्यासाठी पट्टा घेणाऱ्याच्या पदरी निराशाच पडण्याची शक्यता अधिक, हे मीही सांगेन; पण तोटा होतो हे सांगणार नाही.

दहा हजारांचा मुद्दा पूर्णपणे मान्य. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधील यामासा कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचा पावलेमापक विक्रीला आणला. या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होतो. आकडा वैद्यकातून आलेला नाही, तो लक्षात राहण्याजोगा होता म्हणून रुळला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० अमेरिकी स्त्रियांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. परंतु यावरून पावले मोजणे निरर्थक ठरत नाही, केवळ लक्ष्य बदलावे लागते, आणि जवळपास प्रत्येक पट्ट्यात ते बदलता येते. किंबहुना लक्ष्य असणे महत्त्वाचे आहे: पावलेमापकांवरील २६ अभ्यासांच्या २००७ मधील आढाव्यात, समोर ठराविक लक्ष्य असलेल्यांचेच चालणे ठळकपणे वाढलेले दिसले.

फोनचा मुद्दा अर्धा खरा आहे. फोनमध्येही तोच सेन्सर असतो आणि खिशात असताना तो पावले चांगली मोजतो. घरात वावरताना मात्र फोन टेबलावर पडलेला असतो आणि ज्यांचे बहुतेक चालणे घरातच होते, त्यांच्या दिवसाचा मोठा हिस्सा मोजणीबाहेर राहतो. तरीही खरेदीपूर्वी तीन आठवडे फोनवरच पावले पाहावीत, असे मी सुचवीन. त्या काळात आकडा पाहण्याची इच्छाच झाली नाही, तर पट्ट्याचे पैसे वाचले.

झोपेबद्दल संदेशाशी वाद घालण्यासारखे फारसे नाही. झोपेचे टप्पे खऱ्या अर्थाने मेंदूतील विद्युतलहरींवरून ठरतात, आणि त्या टिपण्याचे साधन मनगटी पट्ट्यात नसते. निश्चल पडून जागा असलेला माणूस त्याला झोपलेलाच वाटतो. झोपण्याच्या आणि उठण्याच्या वेळा पाहाव्यात, ‘गाढ झोप किती’ हा रकाना सोडून द्यावा.

शेवटी खणाचा मुद्दा. याचा सर्वांत बळकट पुरावा संदेशात दिलेलाच नाही, तो मी देतो. सिंगापूरमधील ८०० कर्मचाऱ्यांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पावले मोजणारे उपकरण मिळालेल्यांपैकी वर्षअखेर जेमतेम १० टक्के लोक ते वापरत होते, आणि आरोग्यात सुधारणा झाल्याचा पुरावाही मिळाला नाही. हा प्रयोग नजरेआड करून पट्ट्याची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र पट्टा काढून ठेवण्यात आणि वाया जाण्यात फरक आहे. नवखा माणूस स्वयंपाकात प्रत्येक गोष्ट वाटीने मोजतो आणि हात बसला की वाटी बाजूला ठेवतो. आपला बैठा दिवस किती पावलांचा असतो, जेवणानंतरच्या फेरफटक्याने त्यात किती भर पडते, हे ज्याला चार महिन्यांत उमगले, त्याचा पट्टा खणात गेला तरी पैसे वसूल झाले. दुसऱ्याच आठवड्यात ज्याने तो काढून ठेवला, त्याचे पैसे बुडाले, हेही तितकेच खरे. आणि आकडा कमी दिसला की ज्यांना बेचैनी येते, खाण्यापिण्याच्या प्रत्येक घासाचा जे आधीच हिशेब मांडत बसतात, त्यांनी तो कोणी भेट दिला तरी मनगटावर बांधू नये.