बेसबॉलचा जनक कोण? डबलडे नव्हेत, आणि कार्टराइटही नव्हेत

‘१८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये ॲबनर डबलडे यांनी बेसबॉलचा शोध लावला, म्हणूनच हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या थोरांचा गौरव करणारं संग्रहालय) त्या गावात आहे.’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. तो तपासला की काहीच हाती उरत नाही.

साल घ्या. डबलडे १८३८ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाले आणि १८४२ मध्ये बाहेर पडले; म्हणजे १८३९ मध्ये ते तिथे कॅडेट होते, कूपर्सटाउनमध्ये नव्हे. पुढे अमेरिकन यादवी युद्धातल्या फोर्ट समटर आणि गेटिसबर्गच्या लढायांवर त्यांनी भरपूर लिहिलं, पण बेसबॉल आपण शोधला असं १८९३ मध्ये मरेपर्यंत कुठेही म्हटलं नाही. एका शूर सैनिकाची ओळख या दंतकथेखाली झाकली गेली, याचं वाईट वाटतं.

मग हे आलं कुठून? खेळ अस्सल अमेरिकन ठरावा म्हणून माजी खेळाडू आणि क्रीडासाहित्याचे व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंग यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये खेळाचा उगम शोधायला मिल्स आयोग बसला. त्याचा डबलडेंविषयीचा आधार म्हणजे ॲबनर ग्रेव्ह्ज यांचं कथन. १८३९ मध्ये ग्रेव्ह्ज होते ५ वर्षांचे, आणि सांगत होते सत्तरी ओलांडल्यावर. शिवाय त्यांनी वर्णन केलेल्या खेळात एका संघात ११ गडी आहेत आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद! हा आजचा बेसबॉल नव्हेच.

‘बेस-बॉल’ हे नावही त्याआधीचं. १७४४ च्या लंडनमधल्या एका बालपुस्तकात ते चित्रासह आहे. १७९१ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या पिट्सफील्ड गावाने सभागृहाच्या खिडक्या वाचवण्यासाठी ८० यार्डांच्या आत बेसबॉल खेळायला बंदी घातली होती.

हॉल ऑफ फेम १९३९ मध्ये उघडलं ते याच दंतकथेची शंभरी धरून. म्हणजे त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. खुद्द डबलडेंना तिथे मानाचं स्थान नाहीच.

यावर जाणकार म्हणवणारे लगेच अलेक्झांडर कार्टराइट यांचं नाव पुढे करतात: दोन बेसमध्ये (धावणाऱ्याने गाठायच्या ठिकाणांमध्ये) ९० फुटांचं अंतर, ९ डाव, ९ खेळाडू, सगळं त्यांचंच. ते ज्या क्लबात होते त्या न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचे १८४५ चे नियम उघडून पाहा. होमपासून (जिथून चेंडू टोलवतात तिथून) दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे बेसच्या चौकोनाच्या कर्णावर, ४२ पावलं, एवढंच लिहिलंय. पाऊल ३ फुटांचं धरलं तर दोन बेसमधलं अंतर सुमारे ८९ फूट येतं, अडीच फुटांचं धरलं तर ७४. डावांची संख्या नाही. जो आधी २१ धावा करेल तो जिंकला. नऊ-नऊ-नव्वद हे सारं ठरलं १८५७ मध्ये, न्यूयॉर्कच्या क्लबांच्या अधिवेशनात, डॅनियल ॲडम्स यांच्या अध्यक्षतेखाली.

निकरबॉकरांच्या नियमांतलं खरं मोल वेगळ्याच कलमात आहे. लगोरीत गड्याला चेंडू मारतात तसा धावकाला मारायचा नाही, चेंडू हातात घेऊन त्याला शिवायचं किंवा बेसवरच्या गड्याकडे फेकायचा. अंगावर मारायचा असेल तर चेंडू मऊच ठेवावा लागतो. ती गरज संपली, चेंडू कडक करता आला, तो लांब जाऊ लागला आणि बेसवरची फेकही जलद झाली.