ज्याचा त्याचा स्पॅम

आमच्या ऑफिसात माणसं अकरा आणि मेल सर्व्हर एक. तो माझ्या गळ्यात पडला, कारण मी एकदा अडकलेला प्रिंटर चालू करून दाखवला होता.

त्यावर नको असलेलं मेल, म्हणजे स्पॅम, ओळखायला स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्रॅम बसवलेला. त्याचा हिशेब तसा सरळ. मेलमध्ये खटकणारं काही दिसलं की गुण द्यायचे, बेरीज 5 झाली की स्पॅमचा शिक्का. शाळेसारखंच, फक्त इथे जास्त गुण पडले की नापास. पण खरेदीवाले काका म्हणाले, "अरे, ऑफर बघणं हेच माझं काम, आणि तू तीच अडवतोस?" अकाउंट्सच्या मॅडमना एकही जाहिरात नको. साहेबांचं एक जुनं गिऱ्हाईक विषयाची ओळ सगळी कॅपिटलमध्ये लिहितं, आणि कॅपिटल दिसले की असॅसिनचा हात सैल सुटतो.

मग प्रत्येकाच्या नियमांची वेगळी फाइल केली. काकांची मर्यादा 8, मॅडमची 3, साहेबांचं गिऱ्हाईक व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे 'याला अडवू नका' यादीत. एवढ्यात तिघांच्या नावे मिळून एकच मेल आलं. 'सहकुटुंब सहपरिवार' छापाचं. मेल पोचवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रॅमने ते एकगठ्ठा पुढे सरकवलं; आता नियम कोणाचा लावायचा? शेवटी त्या वाटेवरची 'रेसिपियंट लिमिट' (एका खेपेत किती जणांचं मेल न्यायचं ती मर्यादा) 1 केली, म्हणजे गठ्ठा फुटून ज्याची त्याची प्रत वेगळी तपासली जाते.

तरी काकांच्या ऑफर अडकतच होत्या. मी मर्यादा 12 केली, 20 केली, वैतागून 50 केली. ढिम्म फरक नाही. काका रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याच टेबलाशी यायचे आणि काही न बोलता जेवायचे.

चौथ्या रात्री लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. प्रत्येक मेलमागे तीच रड: 'अनेबल टू फाइंड युजर' (हा माणूस सापडत नाही), मग 'फॉलिंग बॅक टू नोबडी' (मग 'कोणीच नाही' समजून चालतो). आमचे पत्ते म्हणजे नुसते मेलबॉक्स. सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्स सिस्टिमवर त्या नावाचं खातंच नव्हतं. त्यामुळे असॅसिन माझ्या फायलींकडे ढुंकूनही न बघता सगळ्यांना 'नोबडी' म्हणून तपासत होता. फायली कुठे आहेत ते 'व्हर्च्युअल कॉन्फिग डिर' या सेटिंगने त्याला सांगितलं आणि गाडी रुळावर आली. (काकांचे 50 मात्र तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना तीन लॉटऱ्या लागल्या.)

सकाळी साहेबांनी विचारलं, "काय भानगड होती?"

"सर, सर्व्हर तुम्हाला कोणीच समजत नव्हता."

साहेब गंभीर झाले. "आणि बाकीच्यांना?"

"त्यांनाही."

मग त्यांनी चहा मागवला.