पँगुआइट आणि चुंबकाला चिकटणारा दगड: खुलासा

'उल्केत पँगुआइट नावाचं नवं मूलद्रव्य सापडलं, ग्रॅमला कोटी रुपये भाव, काळा दगड चुंबकाला चिकटला तर तो हाच' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

पँगुआइट मूलद्रव्य नाही, खनिज आहे. टायटॅनियमचं ऑक्साइड, सोबत स्कँडियम, ॲल्युमिनियम, झिर्कोनियम वगैरे. ८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केत अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञान संस्थेचे संशोधक ची मा यांना ते सापडलं. २०१२ मध्ये शोधनिबंध आला. सूर्यमालेत सुरुवातीला घनरूप झालेल्या पदार्थांपैकी ते एक, वय साडेचार अब्ज वर्षांहून जास्त. हे मात्र खरं आहे, आणि थक्क करणारं आहे!

पण त्याचे कण जेमतेम एक मायक्रॉनचे, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. ते ओळखायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला. चुंबकाने ते कळणं शक्यच नाही. आपल्याकडचा बेसाल्ट म्हणजे काळा दगडही चुंबकाला ओढला जातो, कारण त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं. त्यामुळे शेतातला दगड दाखवून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तो चुकीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्या ग्रुपवर तो आला तिथे हा खुलासा टाका.