आमच्या मंडळीला वरचे कार्यालय कशाला?

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावची मंडळी, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांचे चर्च, आबाजींच्या पिढीपासून स्वतंत्र आहे. तिने आता एखाद्या मोठ्या चर्चसंस्थेत विलीन व्हावे, असा ठराव वार्षिक सभेपुढे येणार असून त्यावर व्हॉट्सॲप गटात चाललेली चर्चा वाचून माझे डोके फिरले आहे. पाळकसाहेबांचा (पाद्रींचा) पगार निघत नाही, पोरे पुण्याला गेली आणि एकटी मंडळी म्हणजे पोरकी मंडळी, असे ठराववाल्यांचे म्हणणे आहे. त्यांत माझा मामेभाऊही आहे. "तुमच्या स्कॉटलंडमध्ये बघ, सगळे एका चर्चखाली आहेत," असे त्याने स्कॉटलंडात राहणाऱ्या मलाच सुनावले.

हे त्याला कुणी सांगितले? १८४३ साली इथल्या राष्ट्रीय चर्चमधून साडेचारशेहून अधिक पाळक घरादारावर आणि पगारावर पाणी सोडून बाहेर पडले. पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, हे त्या भांडणाचे मूळ होते. त्यांनी काढलेल्या फ्री चर्चचेच स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढे त्यांच्या नावाने निघालेल्या कॉलेजात मामेभाऊ बी.ए. झाला. त्याच फ्री चर्चमधले बहुसंख्य १९०० साली दुसऱ्या एका चर्चशी एक झाले, तेव्हा मूठभरांनी नकार दिला. मालमत्तेचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, १९०४ मध्ये सगळी मालमत्ता त्या मूठभरांना मिळाली आणि ती वाटून देण्यासाठी पुढच्या वर्षी पार्लमेंटला कायदा करावा लागला. विलीनीकरणाने खर्च वाचतो म्हणणारे वकिलांची फी कधीच धरत नाहीत.

नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, हे मला ठाऊक आहे. ज्यांना पटले ते गेले, त्यांचे बरे झाले असेल.

मी इथे ज्या चर्चला जाते त्याची इमारत वरच्या विश्वस्तांच्या नावावर आहे. ती विकायची हे वरच ठरले, आम्हाला चहा-शॉर्टब्रेडसोबत छापील पत्रक मिळाले आणि एकाही म्हातारीने आवाज चढवला नाही. आमच्या गावात असे कुणी करून दाखवावे! पीक-अर्पणाच्या रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात लिलाव होतो. तूर, कोहळे, पाय बांधलेली कोंबडी असे काय काय असते. गावरान कोंबडी दोघा साडूंच्या ईर्ष्येपायी चौपट भावाला जाते, विकत घेणारा ती पुन्हा अर्पण करतो आणि बोली नव्याने सुरू होते. खजिनदार सगळ्यांदेखत पैसे मोजतो आणि रक्कम मोठ्याने वाचतो, कारण चूक झाली तर मागच्या रांगेतल्या बाया त्याला सोडत नाहीत. असा हिशेब कोणते वरचे कार्यालय देणार? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची पदे तीनच घरांत फिरतात, हा आक्षेप खरा आहे. पण ती घरे निवडणुकीत पाडता येतात, वरच्या विश्वस्तांना आम्ही पाडू शकत नाही.

एवढे लिहिल्यावर गटातल्या एका काकांनी उत्तर दिले की पौंडांत दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) पाठवणाऱ्यांनी मत द्यायचे नसते. वर्षभर प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) न आलेल्याचे नाव मतदानाच्या यादीतून कमी होते, असा नियम आहे. तो नियम आबाजींनीच घातलेला असल्यामुळे मला त्यावर वाद घालता येत नाही. इथल्या पाळकबाई मला गावाहून सभासदत्वाचा दाखला आणायला सांगत असतात. तो मागवला की तिथले नाव कायमचे कटेल, म्हणून मी दर वेळी काहीतरी सबब सांगते आणि इथे पाहुण्यांच्या यादीतच राहते. गेली कितीतरी वर्षे मला कुठेच मत नाही, आणि तरीही मंडळीच्या स्वातंत्र्यावर सर्वांत मोठ्याने मीच बोलते, हे मामेभावाने अजून ओळखलेले नाही. मोजले जाणार नाही हे ठाऊक असूनही ठरावाविरुद्धचे माझे मत मी सचिवांना सही करून लेखी पाठवले आहे आणि दाखल्याचा अर्ज अजून केलेला नाही.