‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर : राजकन्येच्या नखांतलं ग्रीस

स्पष्टवक्ते साहेब (बाई असाल तर बाई, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही),

इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ राणी राजकन्या असताना, दुसऱ्या महायुद्धात, सैन्यात गाड्यांच्या मेकॅनिकचं काम शिकली, त्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. मित्रांनी फोन करून ‘काढून टाक’ म्हणून सांगितलं होतं. ठेवली आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सार. तुमच्या मते राजकन्येची ती नोकरी म्हणजे युद्ध संपता संपता केलेला फोटोंचा कार्यक्रम. ती दिवसा कॅम्बर्लीच्या लष्करी केंद्रात शिकायची आणि रात्री झोपायला विंडसरच्या किल्ल्यात जायची. ९ एप्रिल १९४५ ला तिचे आईवडील (तेव्हाचे राजा-राणी) आणि धाकटी बहीण मार्गारेट तिचं कौतुक बघायला तिथे गेले, त्याच दिवशी इटलीत सेनिओ नदीवर आपले मराठा पलटणीतले नामदेव जाधव जखमी सोबत्यांना सुरुंगांमधून उचलून आणत होते. ज्यांच्या राज्यात १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नान्न करून मेली, त्या घराण्याचे गोडवे मराठीत कशाला? आणि शेवटी तुमचं ते ठेवणीतलं वाक्य : ‘नखांत ग्रीस गेलं म्हणून कोणी मेकॅनिक होत नाही, आणि असले लेख लिहून कोणी इतिहासकार होत नाही.’

इतिहासकार असल्याचा दावा मी कधी केला? ब्लॉगच्या माथ्यावर ‘निवृत्त बँक कर्मचारी’ असं ठळक लिहिलं आहे. न केलेला दावा खोडून काढायला फार अक्कल लागत नाही. मतभेद असू द्या, स्वागतच आहे. पण ‘असले लेख’ ही भाषा कुठली? स्पष्ट बोलणं वेगळं आणि खवचट बोलणं वेगळं.

एक गोष्ट मात्र मान्य. तिचा सेकंड सबाल्टर्न हा (सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याचा) हुद्दा मानद होता आणि ‘मानद’ हा शब्द माझ्या लेखात राहून गेला. तो आता घातला आहे. विंडसरला झोपायला जाण्याचं म्हणाल, तर ते मीच लिहिलं होतं. माझाच मुद्दा मला शोध लावल्यासारखा ऐकवू नका.

आता ग्रीसकडे येतो, कारण ते वाक्य मला झोंबलं आणि ते मी लपवत नाही.

माझे वडील ईएमईत (आपल्या सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात) व्हेईकल मेकॅनिक होते. सिकंदराबादच्या सेंटरला शिकले, आणि मग जिथे गाडी बंद पडेल तिथे गेले. १९७१ च्या डिसेंबरात ते शकरगडच्या बाजूला एका रणगाडा रेजिमेंटच्या एलएडीत होते. एलएडी म्हणजे रेजिमेंटला चिकटलेली दुरुस्तीची छोटी तुकडी. सेंच्युरियन रणगाडा म्हणजे ५० टनांचं धूड. सुरुंगावर गेला की पट्टा तुटतो, चाकं वाकतात आणि रणगाडा जागेवर बसतो. दुखावलेल्या कड्या काढायच्या, नव्या जोडायच्या, दोन्ही टोकं ओढून एकमेकांसमोर आणायची आणि घणानं पिन ठोकायची. हे सगळं डिसेंबरच्या थंडीत, रात्री, बत्ती न लावता. बाबा सांगायचे, पिनचं भोक बोटानं चाचपायचं आणि घण मारणाऱ्यानं आधी विचारायचं, ‘बोट काढलंस का?’ एकदा कोणीतरी विचारायला विसरला. बाबांच्या डाव्या हाताची करंगळी शेवटपर्यंत वाकत नव्हती.

त्यांच्या नखांतलं काळं मी लहानपणापासून बघत आलो. रॉकेलनं धुवायचे, मग राखेनं घासायचे, मग लाइफबॉय. तरी हाताच्या रेषांमध्ये ते बसलेलं असायचंच. लग्नाकार्याला पंगतीत बसले की मूठ मिटून बसायचे, कारण आमच्या नात्यातलेच एक गृहस्थ दरवेळी विचारायचे, ‘म्हणजे तुम्ही लढाईत नव्हता, मागे गॅरेजात होता, होय ना?’ तुमचं वाक्य वाचलं आणि मला तो माणूस आठवला. तुम्ही म्हणाल, ‘मी तुमच्या वडिलांबद्दल कुठे बोललो?’ नसाल बोलला. पण पान्याला हात लावणाऱ्याला लढणाऱ्यांत धरायचं नाही, ही जी खोड आहे ना, ती तुमच्या ओळीत ठासून भरली आहे.

आणि म्हणूनच त्या मुलीचं मला कौतुक वाटतं. तिला एटीएसमध्ये (आपलं दहशतवादविरोधी पथक नव्हे, ब्रिटिश सैन्यातली बायकांची ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस) काय शिकवलं, ते तरी बघा. चाक बदलणं, इंजिन खोलून पुन्हा जोडणं, ट्रक आणि रुग्णवाहिका चालवणं. १४ एप्रिलला ती उत्तीर्ण झाली. जुन्या फोटोंत ती मोटारीच्या चाकाशी वाकलेली दिसते. चाक बदलणं सोपं वाटतं, पण गाडी जॅकवर चढवण्याआधी नट सैल करायचे असतात आणि कसताना समोरासमोरचे घ्यायचे असतात, ओळीनं नाही. हे मला बाबांनी धपाटा घालून शिकवलं. तुम्ही शेवटचं चाक कधी बदललंत? की टायरवाल्याला फोन करता?

शिवाय ही मुलगी कधी शाळेत गेली नव्हती. सगळं शिक्षण घरी. राज्यघटना शिकवायला ईटनचे हेन्री मार्टन. बाकीच्या बायकांबरोबर वर्गात बसायचं, आपलं काम परीक्षकानं तपासायचं, हे तिला नवीनच होतं. १९४२ पासून ती ग्रेनेडियर गार्ड्सची कर्नल होती, म्हणजे मिरवायला हुद्दा घरात आयता होता. फोटोच हवे असते तर तेवढ्यावर भागलं असतं. त्याऐवजी बापाच्या मागे लागून, त्याचं मन नसताना, ती १९४५ च्या फेब्रुवारीत सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर भरती झाली. सक्तीच्या भरतीचा १९४१ चा कायदा २० वर्षांपासूनच्या अविवाहित बायकांना होता. तिला एकोणीसही पूर्ण नव्हती.

‘युद्ध संपता संपता’ म्हणे! इंग्लंडवर जर्मनांचं शेवटचं व्ही-२ रॉकेट पडलं २७ मार्च १९४५ ला. त्याच दिवशी लंडनच्या स्टेपनीत एका रॉकेटनं १३४ माणसं मारली. हिचा कोर्स तेव्हा चालू होता. युद्ध संपलं हे आज तुम्हाला माहीत आहे. त्या आठवड्यात तिथल्या कोणाला माहीत होतं?

घराण्याबद्दल तुम्ही ‘जर्मन रक्ताचे लोक’ असंही एक वाक्य टाकलं आहे. होय, १९१७ पर्यंत त्यांचं आडनाव सॅक्स-कोबर्ग-गोथा होतं आणि जर्मनीशी युद्ध चालू असताना ते बदलून विंडसर केलं. ही काही गुप्त बातमी नाही. पण घराणं काढलंतच तर पूर्ण काढा. तिचे वडील १९१६ साली जटलंडच्या आरमारी लढाईत कॉलिंगवुड जहाजावर होते. आईचा सख्खा भाऊ फर्गस १९१५ साली लूसला मारला गेला. काका, केंटचे ड्यूक, ऑगस्ट १९४२ मध्ये हवाई दलाच्या विमान अपघातात गेले. १३ सप्टेंबर १९४० ला बकिंगहॅम राजवाड्यावर बाँब पडले तेव्हा राजा-राणी आतच होते. ज्या घरात मामा युद्धात गेला आणि काकाही गेला, त्या घरातल्या मुलीला युद्ध म्हणजे काय हे कळत नव्हतं, असं पुण्यात पंख्याखाली बसून म्हणणं सोपं आहे. (पुण्यातच असाल, असा माझा अंदाज. भाषेवरून.)

राहिला बंगाल. त्या दुष्काळाबद्दल मला तुमच्याइतकाच संताप आहे. पण १९४३ साली १७ वर्षांची असलेल्या मुलीनं धान्याची जहाजं वळवली नव्हती. तो लेख वेगळा, तो तुम्ही लिहा, मी वाचेन.

आणि नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमजच्या या माणसाबद्दल मला तुमच्याकडून शिकायचं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचा निरोप्या, एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेलं, मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं, आणि त्यानंतर शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याशी राजकन्येची तुलना मी केली नव्हती. तारीख जुळवून ती तुम्ही केलीत. एकाच तारखेला जगात हजार गोष्टी घडतात. मी एका मेकॅनिकवर लिहिलं म्हणून बाकी सगळ्यांचा अपमान होतो, हा हिशेब मला कळलेला नाही आणि त्यावर जास्त बोलायचीही इच्छा नाही.

त्याच युद्धातल्या भारतीय बायकांच्या सैनिकी दलावर, विमेन्स ऑक्झिलरी कोअरवर, का लिहिलं नाही, असं तुम्ही कंसात विचारलं आहे. लिहायचंच आहे. तुमच्या सांगण्यावरून नाही, आधीपासून ठरलं होतं.

यापुढे लिहायचं असेल तर स्वतःच्या नावानं लिहा. मी माझ्या नावानं लिहितो, बापाचं नाव लावून. आणि ती ग्रीसची ओळ मागे घेतलीत तर बरं. नाही घेतलीत तरी प्रतिक्रिया आहे तिथेच राहील, फक्त तिच्याखाली हे उत्तरही राहील.