पत्त्यांवरची सही

परवा एका मैत्रिणीने जाहिरात पाठवली. 'पाच हजार वर्षांची इजिप्शियन विद्या, टॅरो शिका.' मी बरीच वर्षं टॅरो, म्हणजे भविष्य किंवा मन चाचपायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, वापरते, मनापासून वापरते, म्हणूनच ते वाक्य मला टोचलं.

टॅरो इजिप्तचा नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत रंगणारा तो पत्त्यांचा डाव. मिलानच्या राजघराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. आज ज्यांना आपण दबक्या आवाजात 'मेजर अर्काना' म्हणतो, ते या डावातले हुकूम होते. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हुकूम म्हणजे काय हे सांगायला नको. इथे फक्त हुकमाचा पाचवा रंगच वेगळा असायचा, २१ पत्त्यांचा, आणि सोबत एक विदूषक. इजिप्तची कथा जोडली गेली १७८१ साली, पॅरिसमध्ये. कूर द जेबलँ या विद्वानाने ती छापली, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही माणूस जगात नव्हता. शाँपोलियोंने ती उलगडली १८२२ मध्ये.

हे कळल्यावर मी पत्ते टाकून दिले नाहीत. उलट मला ते जास्त जवळचे वाटू लागले, कारण मग त्यांच्यामागची खरी माणसं दिसायला लागली.

लंडनमध्ये १८८८ साली 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' ही गूढविद्येची संस्था सुरू झाली. तिच्या परवानगीची म्हणून दाखवलेली जर्मनीतल्या एका बाईची पत्रं बनावट होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पण त्या मंडळात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने दीक्षा मिळे, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. कवी येट्स तिथे होते, अभिनेत्री फ्लॉरेन्स फार होती. आपली पंचतत्त्वंही तिथे पोचली होती. पृथ्वीचा पिवळा चौकोन, तेजाचा लाल त्रिकोण, आपाची चंदेरी कोर, अशा आकृत्यांकडे टक लावून ही मंडळी ध्यान करत.

याच मंडळात १९०१ च्या सुमारास पामेला कोलमन स्मिथ आली. जन्म लंडनचा, बालपणाची काही वर्षं जमैकात, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनला, आणि ओढ नाटकाची. याच मंडळातल्या आर्थर वेटने १९०९ मध्ये नव्या टॅरोची चित्रं तिच्याकडून काढून घेतली. ती तेव्हा ३१ वर्षांची होती.

जुन्या बहुतेक कॅटांत साध्या, म्हणजे हुकूम नसलेल्या अंकांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हं असत. पाच पेले म्हणजे पाच पेले. पामेलाने त्या प्रत्येक पत्त्यावर माणसं आणली. नऊ तलवारींत रात्री अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत लपवलेली बाई. पाच नाण्यांत बर्फातून चाललेली दोन फाटकी माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर देवळाची उजळलेली खिडकी. त्या दोघांपैकी कुणीही खिडकीकडे बघत नाही! माझी आई गेली त्या वर्षी हा पत्ता माझ्यासमोर वारंवार यायचा. कुठल्या शक्तीने तो पाठवला असं मी म्हणणार नाही. पण त्या चित्रासमोर बसून मी जे बोलू शकले, ते घरात कुणाशी बोलता आलं नव्हतं. माझ्यासाठी ही साधनाच आहे, आणि तिला पाच हजार वर्षांच्या दाखल्याची गरज नाही.

या साध्या पत्त्यांची कल्पना बरीचशी पामेलाचीच, असं अनेक अभ्यासक मानतात. काम संपल्यावर तिने छायाचित्रकार स्टिग्लिट्झला कळवलं होतं की मोठं काम झालं, पण पैसे फार थोडे मिळाले. कॅट जगभर गेला तो 'रायडर-वेट' या नावाने, म्हणजे प्रकाशकाच्या आणि वेटच्या. ती १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली. तिचं सामान कर्ज फेडायला विकावं लागलं.

याचा मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. इजिप्तच्या खोट्या पुजाऱ्यांना आपण हात जोडतो, आणि जिने हाताने ७८ पत्ते रेखाटले तिचं नाव शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अलीकडे काही जण 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणू लागलेत. मला तर 'स्मिथ' आधी हवं.

तिने आपली सही मात्र सोडली नव्हती. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात नीट बघा, वळसे घेत गुंफलेली पी, सी आणि एस ही अक्षरं दिसतील. माझ्याकडे कुणी पत्ते बघायला आलं की मी आधी तो कोपरा दाखवते, तिचं नाव सांगते, आणि मग कॅट पिसायला देते.