वाईची पुस्तकं वाईतच हवीत

“आत्या, सगळं स्कॅन कर नि दे रद्दीत. आता कागद कोण सांभाळतंय?” वाईहून भाचा फोनवर म्हणाला. इंग्लंडमध्ये, रेडिंगच्या घरात, मी वाईवरची पुस्तकं जमवून ठेवली आहेत, त्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं. पुस्तकं म्हणजे काय, तर शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, दोन कुलवृत्तांत, मेणवलीच्या वाड्यावरची पुस्तिका, एका निवृत्त मास्तरांनी पदरचे पैसे घालून छापलेलं नदीवरच्या घाटांचं वर्णन, आणि कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाच्या जुन्या पत्रिका.

भाच्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, राज्य सरकारनं संकेतस्थळावर ठेवलंय, ते मी इथे बसून वाचते. पण गॅझेटियर कधी हरवणारच नव्हतं. गंगापुरीच्या किंवा मधल्या आळीच्या उत्सवात कोणत्या वर्षी कुणाचं कीर्तन झालं, प्रसादाला कुणी किती तांदूळ दिले, हे त्या चार पानी पत्रिकेतच असतं. दिवाळीच्या साफसफाईत तीच आधी जाते. आणि मी स्कॅन केलं, तरी माझ्या लॅपटॉपमधली फाइल वाईतल्या मुलीला कशी सापडणार?

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या एकेका ग्रंथालयाला पाठवायची असते. घाटांवर पुस्तक लिहिणाऱ्या मास्तरांना हा कायदा माहीत असायचं कारण नाही. समजा असता, तरी प्रत चेन्नईला गेली असती. ज्या गावाचे घाट, त्या गावाला ती द्या असं कायद्यात कुठेच नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. मराठी विश्वकोशाचं कार्यालय ज्या गावात आहे, त्या गावाबद्दल मी हे लिहिते आहे.

रेडिंग हे बिस्किटांचं गाव. १८२२ साली सुरू झालेल्या हंटली अँड पामर्सचे डबे एके काळी जगभर जायचे. आमच्या लायब्ररीत ‘लोकल स्टडीज’ म्हणून गावापुरता वेगळा संग्रह आहे. त्या कारखान्यावरच्या पुस्तिका, जुने नकाशे, गल्लीवार रहिवाशांच्या याद्या, सगळं तिथे एकत्र मिळतं. हे सांगितलं की आपल्याकडे लगेच “तिकडचं सगळं चांगलं” म्हणतात. तसं नाही. २०१० नंतरच्या काटकसरीत इंग्लंडमध्ये शेकडो लायब्रऱ्या बंद पडल्या, कित्येक स्वयंसेवकांच्या गळ्यात पडल्या. शिवाय रेडिंगच्या एखाद्या गल्लीबद्दल शंका आली, तर मी फोन कुणाला करू? वाईत अजून आळीआळीत सांगणारी माणसं आहेत. ती आहेत तोवरच हे जमवलं पाहिजे.

गावाकडून दुसरा मुद्दा येतो, आणि तो मला जास्त टोचतो: स्थानिक इतिहास म्हणजे घराण्यांची आणि जातींची फुशारकी, ती कशाला जपायची? कुलवृत्तांतात फुशारकी असते, मान्य. म्हणून तर त्याच्या शेजारी वाईजवळच्या धोम धरणात ज्यांची घरं-शेतं गेली त्यांची निवेदनं हवीत, पुनर्वसनाचे कागद हवेत, दलित वस्तीतल्या जयंती मंडळाची स्मरणिका हवी. एकच बाजू कपाटात राहिली, तर पुढे तीच खरी ठरते.

महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये घराघरांत वाचायला पुस्तकं ठेवलेलं ‘पुस्तकांचं गाव’ २०१७ मध्ये सुरू झालं, त्यावर अजून वाद होतात. मला तो उपक्रम आवडतो. पण १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वाचनालयाला, अगदी सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गातल्यालाही, आपल्या पंचक्रोशीचं एक कपाट सक्तीचं करावं आणि ते लावणाऱ्या माणसाला नीट पगार द्यावा. पगाराविना ते कपाट सहा महिन्यांत पुन्हा अडगळ होईल.

भाच्याशी बोलून फोन ठेवला आणि पेटी उघडली. घाटांच्या पुस्तकावर मास्तरांची सही होती. दर सुट्टीत मी वाईतून काही ना काही उचलून आणत गेले; यातल्या काहींची दुसरी प्रत आता गावात उरलेली नसेल. डिसेंबरात पेटी परत नेते आहे. गावच्या वाचनालयाशी बोलणं झालंय, त्यांनी खिडकीजवळचे दोन कप्पे रिकामे करून ठेवलेत.